तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार?

माण तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या गावात ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटने 'पाणी वाचवा' असं लिहिलंय. त्यातला शेवटचा 'वा' माझा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या शिबिरातून आम्ही वीसेक पोरं तिथे सात दिवस राहिलो होतो. सहाव्या दिवशी टाकी रंगवली, सातव्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि आठव्या दिवशी पुण्यात येऊन झोपलो. त्या हिवाळ्यातसुद्धा टाकीत आठवड्यातून एकदाच पाणी चढत होतं. मावशी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "अरं, येऊ तर दे आधी. मग वाचवू की."

आम्ही हसलो होतो. ते वाक्य कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

तर झालं असं, की गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने त्याच गावात 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' करायचं ठरवलं. ती कला शिकलेली आहे, मी कोड लिहितो. रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराने आपली नेहमीची जागा सोडून काही काळ दुसरीकडे राहायचं आणि तिथे काम करायचं. राहण्या-जेवणाची सोय बोलावणारा करतो. हिच्या डोक्यात होती ती त्यातली अवघड जात. पाच कलाकार, एकवीस दिवस, पण कोणी आपापलं चित्र काढत बसायचं नाही. जे काही करायचं ते गावाबरोबर मिळून. "तू इंजिनिअर आहेस, शीट तू कर," ती म्हणाली. शीट करणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मी एका संध्याकाळी केली. दिवस १ ते ३, गावाशी ओळख. दिवस ४ आणि ५, गावाच्या गरजा समजून घेणे. दिवस ६ ते १८, निर्मिती. मग प्रदर्शन, समारोप, सामान आवरणे. रंग भरून ती इतकी छान दिसत होती की मी तिचा फोटो मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला.

मावशीचा व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. "चांगलं केलंयस की. पण तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार?"

मराठीत 'बघणं' हे मोठं कामसू क्रियापद आहे. चित्र बघतात आणि म्हाताऱ्या आईलाही बघतात. गुरं कोण बघतं, दुकान कोण बघतं. मावशीने यातला कोणता अर्थ धरून विचारलं होतं ते मी तिला विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी उत्तर 'कोणी नाही' असंच होतं.

मग मी शोधायला लागलो की हे याआधी कोणी केलंय, आणि त्यांची शीट कशी होती.

*

१९६५च्या आसपास लंडनमध्ये बार्बरा स्टीव्हनी नावाच्या कलाकार बाई आपल्या कलाकार मित्रांसाठी टाकाऊ सामान गोळा करायला शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेल्या होत्या. रात्रीची वेळ, कारखाने चालू. तिथे त्यांच्या मनात आलं, आपण इथलं भंगार न्यायला येतो; त्याऐवजी कलाकारानेच आत येऊन का थांबू नये? १९६६मध्ये त्यांनी जॉन लेथम आणि इतर काही जणांबरोबर 'आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप' सुरू केला. कारखान्यांत, पुढे सरकारी खात्यांत, कलाकार ठेवायचे. ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशनमध्ये शिल्पकार गार्थ इव्हान्स असाच गेला. कामाची पद्धत अशी: आधी कलाकाराने काही काळ नुसतं हिंडायचं, लोकांशी बोलायचं, आणि या हिंडण्याचे पैसे यजमानाने द्यायचे. मग दोघांनी मिळून ठरवायचं की पुढे काही होण्यासारखं आहे का. आणि पुढे गेलं तरी शेवटी एखादी वस्तू, चित्र, पुतळा निघालाच पाहिजे अशी अट नाही.

हे वाचून मी आमची शीट पुन्हा उघडली. आमच्याकडे 'गावाच्या गरजा समजून घेणे' याला दोन दिवस होते. त्यातला एक रविवार.

पण खरं सांगायचं तर मला धरून ठेवलं ते लंडनने नाही, न्यूयॉर्कने. तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती वाचताना मला सारखं वाटत होतं की कोणीतरी माझ्याच ऑफिसबद्दल बोलतंय.

मर्ल लॅडरमन युकेलिस ही १९३९मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जन्मलेली बाई. न्यूयॉर्कमध्ये कला शिकत होती. १९६८मध्ये तिला पहिली मुलगी झाली. ती गरोदर असताना शिल्पकलेच्या शिक्षकाने तिला ऐकवलं होतं की आता काही तू कलाकार होऊ शकत नाहीस. मूल झाल्यावर दिवसातले बरेचसे तास लंगोट बदलणं, धुणं, पुसणं, भरवणं यात जायला लागले. जॅक्सन पोलॉक वगैरे तिचे आदर्श होते, स्वातंत्र्याच्या गोष्टी करणारे. त्यातल्या कोणी लंगोट बदलल्याची नोंद नाही. १९६९मध्ये एके दिवशी तिने एका बैठकीत एक जाहीरनामा लिहून काढला. त्यात जगातल्या कामांचे दोन भाग केले: एक डेव्हलपमेंट, दुसरा मेंटेनन्स. डेव्हलपमेंट म्हणजे नवं, थरारक, पुढे नेणारं. मेंटेनन्स म्हणजे त्या नव्यावरची धूळ झटकत राहणं. पहिल्याला मान, दुसऱ्याला कंटाळा आणि किमान वेतन. तिचं म्हणणं असं की मी आता घरातलं मेंटेनन्सचं काम हेच माझी कला म्हणून करणार, आणि म्युझियममध्ये येऊन करणार.

आयटीतल्या वाचकांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडेही नेमके हेच दोन शब्द आहेत, आणि याच उतरंडीने. नवीन प्रॉडक्ट बांधणारी टीम वेगळी आणि आधी बांधलेलं रात्री-बेरात्री चालू ठेवणारी टीम वेगळी. मी चार वर्षं दुसऱ्या टीममध्ये आहे. लग्नाच्या बाजारात त्याला 'सपोर्टला आहे का? बरं बरं' असं म्हणतात. सगळं नीट चालू असेल तर आमचं अस्तित्व कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पहाटे तीनला सर्व्हर पडला की सगळ्या कंपनीला आमची नावं पाठ असतात.

१९७३मध्ये युकेलिसबाईंनी हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या म्युझियमच्या पायऱ्या आणि आतली फरशी तासन् तास स्वतः धुतली-पुसली. हाच कलाप्रयोग. लोक ये-जा करत होते, पायऱ्या पुन्हा मळत होत्या, बाई पुन्हा पुसत होत्या. इथवर काम त्यांचं एकटीचं होतं. १९७६मध्ये ते बदललं. व्हिटनी म्युझियमची एक शाखा तेव्हा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, ५५ वॉटर स्ट्रीट या अवाढव्य ऑफिस-इमारतीत होती. तिथल्या झाडूवाले, लिफ्टवाले, पहारेकरी, काचा पुसणारे अशा ३०० जणांना त्यांनी विचारलं: रोज तुमच्या कामातला एक तास तुम्ही 'हे मी कला म्हणून करतोय' असं समजून कराल का? काम तेच, पगार तोच, नजर फक्त वेगळी. पाच आठवडे त्या सगळ्या पाळ्यांमध्ये, रात्रपाळीतसुद्धा, पोलरॉइड कॅमेरा घेऊन इमारतभर फिरल्या. फोटो काढायचा आणि त्या माणसालाच विचारायचं, आत्ता तू काम करत होतास की कला? ज्याचं उत्तर जे, ते फोटोखाली. असे ७२० फोटो झाले. एकाच प्रकारची फरशी पुसणारे दोन जण, एकाखाली 'काम', दुसऱ्याखाली 'कला'. ठरवणारा पुसणारा स्वतः.

या प्रदर्शनाबद्दल 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात डेव्हिड बूर्डन या समीक्षकाने लिहिलं आणि जाता जाता एक टपली मारली. न्यूयॉर्क महापालिका तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होती. १९७५मध्ये सफाई खात्यातल्या हजारो कामगारांना घरी बसवलं होतं. समीक्षकाने गमतीत सुचवलं की सफाई खात्याने आपलं रोजचं काम कलाप्रयोग म्हणून जाहीर करावं, म्हणजे कलेसाठीचं सरकारी अनुदान तरी मिळेल. बाईंनी ते कात्रण सरळ सफाई खात्याच्या आयुक्तांना पाठवून दिलं. तिकडून फोन आला: दहा हजार माणसांबरोबर कला करायला आवडेल का?

१९७७पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या 'आर्टिस्ट इन रेसिडन्स' झाल्या. पगार शून्य. (या शून्याकडे पुन्हा येऊ.)

मला यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच भाग दोन ओळींत उरकला जातो. नेमणूक झाल्याबरोबर बाईंनी काहीही बनवलं नाही. वर्ष-दीड वर्ष त्या खातं शिकत होत्या. गॅरेजं कुठे आहेत, गाड्या कशा भरतात, कचरा बोटींवर कसा चढतो, पाळ्या कशा लागतात, कोण कोणाला साहेब म्हणतं. त्यानंतर त्यांनी प्रत्येक कामगाराला पत्र लिहिलं की मी तुमच्याविषयी आणि तुमच्याबरोबर एक मोठं काम करत आहे. 'विषयी' आणि 'बरोबर', दोन्ही.

मग २४ जुलै १९७९ ते २६ जून १९८०, अकरा महिने, 'टच सॅनिटेशन'. शहराच्या सगळ्या ५९ विभागांत जायचं, पहाटेच्या हजेरीला उभं राहायचं, आणि खात्यातल्या ८,५०० सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी हस्तांदोलन करून त्याचे आभार मानायचे, कारण हे शहर तू जिवंत ठेवलंयस. बस, एवढंच. सगळे पुरुष, न्यूयॉर्कमध्ये बायकांना सफाई कामगार म्हणून घ्यायला १९८६ साल उजाडलं. मी हिशेब केला, सुट्ट्या न धरता रोज सरासरी पंचवीस हात. ऐकायला सोपं वाटतं. पण पंचवीस हातांसाठी आठ-आठ, सोळा-सोळा तास गाडीमागे चालायचं. त्यांच्यासारखं वाकून, उचलून, फेकून बघायचं, त्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसून डबा खायचा. त्यांनी शहराच्या नकाशावर दहा मोठ्या फेऱ्या आखल्या होत्या आणि प्रत्येक फेरी सगळ्या शहरातून जाणारी होती. म्हणजे अमुक भाग आधी, तमुक नंतर असा मान-अपमान नको.

हात मिळवला की लोक बोलायला लागायचे. कोणी म्हणालं, लोक आमचा राग का करतात माहितीय? त्यांना वाटतं आम्ही त्यांची आई आहोत, नाहीतर मोलकरीण. बाईंचा १९६९चा जाहीरनामा या माणसाने वाचलेला असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या एकाने सतरा वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगितला. भर उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये टनावारी कचरा उचलून तो आणि त्याचा जोडीदार एका घराच्या पायरीवर क्षणभर टेकले. घरातली बाई बाहेर आली आणि ओरडली की घाणेरड्या वासाच्या कचरेवाल्यांनो, उठा इथून. हे त्याच्या घशात सतरा वर्षं अडकून होतं. १९८४मध्ये गॅलरीत प्रदर्शन झालं तेव्हा बाईंनी तशा घराची पायरी उभी केली, कामगारांना ज्या शिव्या मिळायच्या त्या काचांवर लिहिल्या, आणि शहरातल्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना बोलावून त्या शिव्या त्यांच्या हातांनी पुसून घेतल्या.

हा प्रसंग वाचून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो. आपल्याकडे ही पायरी किती घरांसमोर आहे आणि तिथून कोणाला उठवलं जातं, त्यात जात कशी येते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही. न्यूयॉर्कचा कामगार निदान युनियनवाला, पगारदार होता. १९६८च्या फेब्रुवारीत त्यांनी नऊ दिवस संप केला तर शहरात जवळपास लाखभर टन कचरा साठला होता. आपल्या गटारात उतरणाऱ्याकडे तेवढं बळही नाही. त्यामुळे 'चला, आपणही सफाई कामगारांशी हस्तांदोलन करू' असं कोणी म्हणालं तर मी त्याला हात जोडेन. ती कृती तिथली होती. तिच्या मागची दीड वर्षं मात्र कुठेही नेता येतात.

हस्तांदोलनाने पगार वाढतो का, असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा. नाही वाढत. शिवाय बाईंचं स्वतःचं काम बिनपगारी. अनुदानं मिळवून त्यांनी एकेक प्रकल्प केला. १९८३मध्ये कचऱ्याच्या गाडीला आरसे लावले, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कचऱ्याच्या गाडीत स्वतःचं तोंड दिसावं. मेंटेनन्सच्या कामाला मोल नाही म्हणून जाहीरनामा लिहिणाऱ्या बाईने महापालिकेसाठी दशकानुदशकं फुकट काम केलं, ही विसंगती मला खटकते. ज्याच्या घरात दुसरं कोणी कमावतं तोच अशी रेसिडेन्सी करू शकतो. शहराला हे कळायला २०१५ उजाडलं. तेव्हा न्यूयॉर्कने युकेलिस यांचाच दाखला देत सरकारी खात्यांत कलाकार नेमायची रीतसर योजना काढली. आमच्या शीटमध्ये कलाकारांच्या मानधनाच्या रकान्यात 'बघू' असं लिहिलेलं होतं. ते मी त्याच दिवशी खोडलं.

*

"हे सगळं तिकडचं झालं," मैत्रीण म्हणाली. "इकडचं सांग." तिने मला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या तिला कॉलेजपासून माहीत होत्या आणि मला अजिबात नव्हत्या.

पहिली आपल्या डहाणूची. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिला जातो, तो सुवासिनी लिहितात. ते बायकांचं काम आणि बायकांचा अधिकार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे कलाकार या भागात आले. त्याआधी १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात ते मिथिलेत गेले होते. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद देऊन त्यांना चार पैसे मिळावेत असा सरकारी हस्तकला मंडळाचा प्रयत्न होता. वारली पाड्यांवरही त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्या कागदावर जे केलं ते आज जगभर आहे. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुलकर्णींच्या नियतीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण एक गंमत बघा. मिथिलेत कागद आला आणि सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी अशी बायकांची नावं पुढे आली. डहाणूत कागद आला आणि नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. भिंत बायकांची होती, कागद सगळ्यांचा. बाहेरून येणारा माणूस नुसता कागद आणतो असं कधीच नसतं.

दुसरी गोष्ट बस्तरची. तिथल्या हलबी बोलीत मराठीचा भरपूर अंश आहे, हे मला याच निमित्ताने कळलं. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलाकार. मूळच्या मेरठच्या, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या, सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीत पोस्टर वगैरे केलेल्या. १९९७मध्ये त्या कोंडागावला गेल्या. तेव्हा छत्तीसगड राज्य व्हायचं होतं, बस्तर मध्य प्रदेशात होतं. तिथे जयदेव बघेल यांचं शिल्पग्राम होतं, ओतकामातले फार मोठे कलाकार. नवज्योत यांनी तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम सुरू केलं: राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम. सुरुवातीला प्रत्येक जण आपापली शिल्पं करत होता आणि बोलत होता. तुम्ही 'कलाकार' आणि आम्ही 'कारागीर', हे कोणी ठरवलं? तुमचं काम गॅलरीत आणि आमचं प्रदर्शनाच्या स्टॉलवर, हे का? या गप्पा लांबलचक चालल्या. त्यातून त्यांची मिळून एक संस्था उभी राहिली, आणि काम गावातल्या हातपंपांपाशी जाऊन पोचलं. हे एका मुक्कामात झालं नाही.

त्या कामाचं नाव 'नलपार'. मराठी कानाला यात आपला नळ आणि पार लगेच ऐकू येतो. सरकारने हापसे बसवलेले, भोवती चिखल, डबकी, डास. पाणी भरणार बायका आणि पोरी. भरलेली घागर जमिनीवरून एकदम डोक्यावर घ्यायची म्हणजे कमरेचं काय होतं हे घागर उचलणारीलाच माहीत. या मंडळींनी गावातल्या बायकांशी, पोरांशी, पालिकेच्या लोकांशी बसून बोलून हापशांभोवतीची जागा नव्याने बांधली. पाणी वाहून जायला वाट. घागर टप्प्याटप्प्याने वर घेता यावी म्हणून वेगवेगळ्या उंचीचे कट्टे आणि कोनाडे. थोडा आडोसा, कारण पाण्याची जागा हीच बायकांना चार शब्द बोलायची जागा. आणि हे सगळं नुसतं सरकारी सिमेंट नाही. भिंतींना आकार, त्यावर तिथल्या खुणा, तिथल्या कलाकारांच्या हातचं काम. पुढे मुलांसाठी 'पिल्ला गुडी' झाल्या. शाळा सुटल्यावर पोरांनी जमायची, चित्रं काढायची, भांडायची जागा.

कलेच्या जगात यावर वाद झाला, होणारच. २००६मध्ये क्लेअर बिशप या समीक्षक बाईंनी असा आक्षेप घेतला की लोकांबरोबर केलेल्या कलेला आपण 'कलाकार किती नीट वागला' या एकाच मापाने मोजायला लागलो आहोत. ती कला म्हणून कशी आहे हे कोणी विचारतच नाही. दुसऱ्या बाजूला ग्रँट केस्टर यांनी २०११च्या आपल्या पुस्तकात नलपारचीच बाजू घेतली: त्या गप्पा, ती वर्षं, हेच कलेचं माध्यम. मी काही समीक्षक नाही. पण बिशपबाईंचा मुद्दा मला सोडून देण्यासारखा वाटत नाही. आमचा टाकीवरचा मजकूर समाजोपयोगी होता, सहभागातून झाला होता, आणि टाकीवर तो वाईट दिसतो. गावाला कुरूप गोष्टी चालतात असं आम्ही गृहीत धरलं होतं. नलपारवाल्यांनी तसं धरलं नव्हतं.

*

आता आमच्या शीटबद्दल. एकवीस दिवस गेले. मैत्रिणीशी यावरून माझं भांडण झालं, कारण ज्यांच्याकडून पैसे मिळणार होते त्यांना मार्चअखेर फोटो हवे होते. "वर्षभर नुसतं हिंडायचं असं अर्जात लिहू?" ती म्हणाली. बरोबर होतं तिचं. पैसे देणाऱ्याला शेवटी काहीतरी दाखवावंच लागतं, आणि हिंडण्याचा फोटो चांगला येत नाही. ते पैसे आम्ही सोडले. म्हणजे तिने सोडले. मला पगार आहे, माझं सोडणं सोपं. तिने त्यासाठी दोन महिने घालवले होते. तिने हे मला एकदाच सुनावलं, पण नीट सुनावलं.

नवीन शीटला एकच रकाना ठळक केला: 'नंतर बघणार कोण'. ज्या ओळीत तो रिकामा, ती ओळ करायची नाही. सध्या सगळ्या ओळींत तो रिकामा आहे. म्हणून आम्ही महिन्यातून एक शनिवार-रविवार नुसतेच जातो, मावशीकडे राहतो, तिच्या ओट्यावर बसतो. पहिल्या दोन वेळा बायका आमच्याशी फार आदराने बोलल्या, म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मावशीच्या शेजारणीने विचारलं, "टाकीवर तुमीच लिवलंय नव्हं?" मी हो म्हणालो. त्या हसल्या, मग मीही हसलो, आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. पाण्याबद्दल नाही, पाणी सोडणाऱ्या तात्यांबद्दल.

तात्या ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. कुठल्या आळीला किती वेळ, कोणता व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. कुठेही लिहिलेला नाही. पाणी आलं तर कोणी त्यांचं नाव घेत नाही. नाही आलं की रात्री दोनला फोन वाजतो आणि पलीकडून शिवी येते. वालाच्या खड्ड्यात दोनदा साप निघालाय. वय साठीच्या पुढे, आणि त्यांच्यानंतर हे कोणाला येत नाही.

मी त्यांना माझ्या नोकरीबद्दल सांगितलं. पहाटे फोन वाजतो, सगळं ठप्प असतं, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि कुठेही नोंद नसलेलं काहीतरी शोधून काढून चालू करायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग शिव्या इंग्रजीतनं देत असतील?"

मैत्रिणीला त्या व्हॉल्व्हच्या जागा बघायच्या होत्या. कागद, कॅमेरा काही न घेता, नुसत्या. पुढच्या पाण्याच्या पाळीला तुमच्याबरोबर एक फेरी मारली तर चालेल का, असं आम्ही विचारलं. तात्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं.

"या की. पण हे सँडल नको, बूट घालून या. आन् मी साडेतीनला निघतो, थांबत नसतो कोणासाठी."